मुकीला कंठ फुटला

मुकीला चढ चढता येत नाही, हे आमच्या गल्लीत सर्वांना मान्य होतं. बाबा खालच्या वळणावर दिसले की आई कॉफीचं भांडं चुलीवर ठेवायची, आणि ते वरच्या टोकाला आमच्या दारात पोचेपर्यंत कॉफी उकळून, गाळून, शेजारणीबरोबर पिऊन झालेली असायची. बाबांसाठी दुसरी करावी लागे.

मुकी म्हणजे बाबांची रिकिंबिली. आमच्या क्यूबातल्या सान्तियागोत ज्याच्याकडे सायकल आहे आणि ज्याच्या हाती एखादं बेवारशी इंजिन लागतं, तो रिकिंबिली करतो. आमच्या गाडीत सायकल चिनी होती, इंजिन डासांवर धूर मारायच्या पाठीवरच्या यंत्रातलं होतं आणि पेट्रोलच्या टाकीच्या जागी सरबताची प्लास्टिकची बाटली उलटी टांगलेली होती. कायद्याच्या लेखी अशी गाडी अस्तित्वातच नसते. सायकल म्हणावं तर इंजिन आहे, मोटारसायकल म्हणावं तर पेडल आहे. जे अस्तित्वात नाही त्यानं आवाज करू नये, असं बाबांचं मत असल्यामुळे त्यांनी दूध पावडरच्या डब्यात भांडी घासायची तार कोंबून असा सायलेन्सर केला होता, की गाडी झोपलेल्या मांजरासारखी घुरघुरायची. म्हणून ती मुकी.

समोर राहणारे रिगोबेर्तो हे भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक. ते दारातल्या झुलत्या खुर्चीतून रोज ओरडायचे, "एव्हेलिओ, उशी घेऊन जात जा रे! वाटेत झोप येईल!"

गल्ली हसायची. बाबाही हसायचे आणि एवढंच म्हणायचे, "पोचतो ना?"

बाबा मागच्या कार्निवलनंतर गेले. त्याबद्दल मी इथे फार लिहिणार नाही. ज्यांचे वडील गेले आहेत त्यांना ते ठाऊक आहे, आणि ज्यांचे आहेत त्यांना सांगून समजत नाही. मी शाळेत साहित्य शिकवते. मरणाविषयी मोठमोठ्या लोकांनी काय काय लिहून ठेवलं आहे ते मला बऱ्यापैकी माहीत आहे, आणि त्यातलं काहीही त्या आठवड्यात उपयोगी पडलं नाही, एवढीच नोंद करते.

उपयोगी पडली ती मुकी. म्हणजे तिनं उच्छाद मांडला.

एका सकाळी आई म्हणाली, "एल कोब्रेचा नवस फेडायचा राहिलाय."

नवस बाबांचा होता. पहिल्यांदा छातीत दुखून ते दवाखान्यात पडले, तेव्हा त्यांनी एल कोब्रे गावच्या आमच्या काचितादेवीला, म्हणजे मेरीमातेला, शब्द दिला होता, की यातून उठलो तर माझ्या बायकोला, मिग्दालियाला, मुकीवर बसवून तुझ्या टेकडीवर आणीन. इंजिनाच्या जोरावर. न ढकलता, पाय न टेकता. देवीनं त्यांना उठवलं, त्यानंतर पुष्कळ दिवस ते धडधाकट हिंडलेही, पण नवस काही फिटला नाही. कधी सूर्यफुलं मिळत नव्हती, कधी ऊन फार होतं, कधी आईच्या पिवळ्या झग्याला इस्त्री नव्हती.

"बसनं जाऊ," मी म्हटलं. "नाहीतर ट्रक जातात सकाळी."

"नवस बसचा नव्हता."

"आई, ही गाडी एकट्या बाबांना घेऊन आपली गल्ली चढत नव्हती. आपण दोघी बसून टेकडी कशी चढेल?"

"मग जोर वाढव तिचा," आई म्हणाली. रश्श्यात मीठ वाढव म्हणावं तसं.

फक्त एक अट तिनं घातली. कार्ब्युरेटरकडून येणारी नळी इंजिनाला जिथं मिळते, त्या सांध्यावर बाबांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर तांब्याच्या तारेची गाठ मारलेली होती. आईनं तिच्यावर बोट ठेवलं. "बाकी काय हवं ते खोल. ही गाठ सोडायची नाही. त्याच्या हातची आहे."

मला गलबलून आलं आणि मी वचन देऊन टाकलं. यंत्राच्या बाबतीत गलबलून येऊ नये, हे मला बरंच नंतर कळलं.

मी रिगोबेर्तोंकडे गेले. त्यांनी आयुष्यात एकही इंजिन उघडलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांचे विचार अगदी स्वच्छ होते.

"जोर म्हणजे काय, ओदालिस? जोर म्हणजे दाब. तुझ्या बापानं इंजिनाचं हेड, ते वरचं झाकण, कधी घासलं होतं का?"

"नसावं."

"तेच! एव्हेलिओ माणूस सोन्यासारखा, पण दाबाचा विचार त्यानं केला नाही. हेड घास. आतली जागा कमी होईल, दाब वाढेल, गाडी पळेल. मी कितीतरी वर्षं मुलांना हेच शिकवलं."

हेड घासायला सपाट काच लागते. गल्लीत सपाट काच एकच, आमच्या जेवणाच्या टेबलावरची. तिच्यावर पॉलिश पेपर अंथरला आणि मी हेड गोल गोल घासू लागले. तेवढ्यात कोणी मीठ मागायला आलं, कोणी बाबांबद्दल दोन शब्द बोलायला आलं, आणि जो आला त्यानं "सरक जरा, असं नाही" म्हणून हेड हातात घेतलं. गल्लीच्या समितीच्या सणाला रस्त्यात मोठी कढई चढते आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्यात पळी फिरवून जातो, तसं ते हेड सगळ्या गल्लीनं ढवळलं. शेवटी ते इतकं पातळ झालं की रिगोबेर्तोसुद्धा थांबा म्हणाले.

पहिली चाचणी मी एकटीनं केली. वळणावरून मुकी आवेशानं निघाली, गल्लीच्या मध्यावर आली, तिनं एक उचकी दिली आणि बंद पडली. गाडी मागे घरंगळू लागली. मी घाबरून क्लच सोडला. आणि इंजिन सुरू झालं. उलटं.

"टू-स्ट्रोक इंजिनाला मागचं-पुढचं कळत नाही," रिगोबेर्तोंनी नंतर समजावलं. "त्याला फक्त फिरायचं असतं."

त्या वेळी मात्र मला समजावणारं कोणी नव्हतं. मी पूर्ण जोरात, पाठीमागच्या दिशेनं, माझ्या विद्यार्थ्यांच्या आयांसमोरून खाली चालले होते. अशा वेळी चेहरा कसा ठेवावा याबद्दल माझ्या वाचनात काही आलेलं नाही. मी मान ताठ ठेवली आणि ओळखीचं जे कोणी दिसलं त्याला नमस्कार केला.

गल्लीच्या समितीच्या अध्यक्ष नेर्सा दारात येऊन कडाडल्या, "ओदालिस! ही एकेरी वाट आहे! खालून वरच जायचं!"

"माझं तोंड वरच आहे!" मी उत्तर दिलं आणि पेरूवाल्याच्या हातगाडीत शिरले.

पेरूवाला भला माणूस. त्यानं माझ्या केसातला पेरू काढून, पुसून, परत गाडीवर ठेवला. "बाई, एव्हेलिओ हळू जायचा, पण सरळ जायचा हं," असं मात्र तो म्हणाला, आणि ते मला पेरूंपेक्षा जास्त लागलं.

खरं सांगायचं तर, बाबा मेकॅनिक म्हणून बेताचेच होते असं मी धरून चालले होते. बेताचे असूनही किती आनंदात होते, असं मी त्याकडे बघायची. पण ते दुसऱ्या कोणी म्हटलं की माझ्या अंगाला चटका बसायचा. आता मला नवसाइतकंच हेही हवं होतं, की त्यांची गाडी एकदा तरी या गल्लीच्या नाकावर टिच्चून चढावी.

दाब वाढल्यामुळे इंजिन तापू लागलं. रिगोबेर्तो म्हणाले, "तेल वाढव पेट्रोलात. तेल म्हणजे यंत्राचा घाम." मी वाढवलं. बहुधा जास्त वाढवलं. दुसऱ्या चाचणीला मुकीच्या मागून पांढराशुभ्र, दाट, भिंतीसारखा धूर निघाला आणि गल्लीतल्या प्रत्येक घरात शिरला.

आता, आमच्याकडे डासांच्या धुराची एक शिस्त आहे. धूरवाले आले की सगळ्यांनी घराबाहेर पडायचं, दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि धूर बसेपर्यंत फुटपाथवर उभं राहायचं. ही सवय हाडात मुरली आहे. त्या इंजिनाचा सूर आणि तो धूर एकत्र आल्याबरोबर कोणी काही विचारलं नाही. पिंजरे बाहेर आले, आजीबाई खुर्चीसकट बाहेर आल्या, अर्धवट दाढी केलेला एक गृहस्थ साबणासकट बाहेर आला. सगळे रांगेत उभे राहून शांतपणे गप्पा मारू लागले. मी त्यांच्यासमोरून चढाच्या दोन-तृतीयांशापर्यंत गेले आणि बंद पडले.

"आज कसे काय आले धूरवाले?" कोणीतरी विचारलं.

"धूरवाले नाहीत. एव्हेलिओची पोर आहे."

"मग आत जायचं का?"

"आता बाहेर आलोच आहोत तर थांबू."

नेर्सांना हे खपलं नाही. वेळापत्रकाबाहेर धूर मारला गेला, असं त्यांनी वर कळवलं. डास निर्मूलनाचे साहेब दुसऱ्याच दिवशी हजर. त्यांनी मुकीभोवती एक फेरी मारली, इंजिनावर हात ठेवला आणि हरवलेला भाऊ भेटावा तसे म्हणाले, "हे आमचं आहे."

"हे भंगारातून आलंय. फार जुनं."

"भंगार असो, जात बदलत नाही. बाई, दोनच मार्ग आहेत. एकतर मी हे इंजिन घेऊन जातो, नाहीतर इंजिन जिथे आहे तिथेच आमच्या पथकात आहे असं समजतो. आणि चालवणारी व्यक्तीही. माणसं कमी आहेत आमच्याकडे."

"मग तसा कागद द्या. रस्त्यात पोलीस अडवतात."

"कागद संपलेत. पथकाचा शर्ट आहे."

अशा रीतीनं साहित्याची शिक्षिका असलेली मी करड्या शर्टाची धारक झाले. शर्ट एखाद्या धिप्पाड पुरुषाचा होता. आईनं तो धुतला, इस्त्री केला आणि खुर्चीच्या पाठीवर टांगून दुरून बघितला. "छान आहे. एव्हेलिओला आवडला असता," ती म्हणाली. बाबा गेल्यानंतर त्यांचं नाव घेताना तिच्या आवाजात पहिल्यांदाच हसू होतं, म्हणून मी शर्टाविरुद्ध एक शब्द बोलले नाही.

पण चढ शिल्लकच होता. रिगोबेर्तोंनी खुर्ची थांबवली. ती थांबली की गल्ली घाबरते.

"ओदालिस, मी विचार केला. टू-स्ट्रोकचा जोर पोटात नसतो. शेपटीत असतो. तो धूर आधी ऐसपैस पसरायला हवा आणि मग आवळला जायला हवा. आवळला की त्याचा धक्का उलटा फिरतो आणि बाहेर सांडणारं पेट्रोल परत आत लोटतो. एव्हेलिओनं काय केलं? धुराच्या तोंडाला डबा लावला!"

"हे आधी का नाही सांगितलंत? मी टेबलाची काच घालवली."

"हेडही हवंच. विज्ञानात काही वाया जात नाही."

पसरणारा आणि आवळणारा धातूचा शंकू आणायचा कुठून? मदतीला धावले बाल्बिनो. गल्लीच्या खालच्या अंगाला राहणारे बाल्बिनो जन्मभर कार्निवलात चिनी सनई वाजवत आले. आमच्या शहरात ढोलांच्या पुढे ती सनई किंचाळली की जो जिथे असेल तिथून उठतो आणि पाय घासत, कंबर हलवत मिरवणुकीच्या मागे लागतो. तिलाच कोंगा म्हणतात. कोंगा गेला आणि आपण घरात बसलो असं सांगणारा माणूस एकतर आजारी असतो नाहीतर खोटारडा.

बाल्बिनोंनी भिंतीवरच्या दोन सनया उतरवल्या आणि त्यांचे पितळी कर्णे उपसून माझ्या हातात दिले.

"बाल्बिनो, अहो, तुमची आयुष्याची कमाई आहे ही."

"दात गेले माझे, पोरी. आता ही कोण वाजवणार? इंजिनाला दात लागत नाहीत."

एक कर्णा धूर पसरायला लावला. त्याला उलटं करून स्वयंपाकघरातलं मोठं नरसाळं जोडलं, ते आवळायला. आणि दुसरा कर्णा बाल्बिनोंच्या आग्रहावरून अगदी शेवटी, तोंड मोकळं ठेवून. रिगोबेर्तो म्हणाले की याला शास्त्रीय आधार नाही. बाल्बिनो म्हणाले, आवाज कोंडून ठेवणाऱ्याला सद्गती मिळत नाही. बाबांचा डबा सुटा झाला तो आईनं धुऊन, पुसून तांदळाच्या डब्याशेजारी ठेवला.

तिसऱ्या चाचणीला मुकीला कंठ फुटला.

तो आवाज नेमका सनईचा होता असं मी म्हणणार नाही. पण ज्याच्या पायाला कार्निवलची खाज आहे त्याला तो पुरेसा होता, आणि आमच्या गल्लीत सगळ्यांनाच ती आहे. धुरानं लोक सवयीनं बाहेर आले. कर्ण्यानं ते नाचू लागले. कोणी बादली बडवली, कोणी गाडीच्या ब्रेकचा जुना ड्रम आणला, आजीबाई खुर्चीतल्या खुर्चीत हलू लागल्या आणि सगळी गल्ली माझ्यामागे पाय घासत चढाला लागली. मला मागे बघायची सोय नव्हती. फक्त नेर्सांचा आवाज ऐकू येत होता, "बंद करा! शांतता भंग होतेय!" तो आवाज दूर जायच्या ऐवजी जवळच येत होता, आणि ढोलाच्या ठेक्यात.

"नेर्सा, तुम्ही नाचताय!" कोणीतरी ओरडलं.

"मी नाचत नाहीये! मी पाठलाग करतेय!"

आणि मी वर पोचले. आमच्या दारात. पहिल्यांदाच. आई उंबऱ्यात उभी होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं वाकून आधी तारेची गाठ बघितली, मग माझ्याकडे.

"सुटलेली नाही," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. "मग रविवारी जाऊ."

रविवारी आई पिवळा झगा घालून कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसली. हातात सूर्यफुलांचा भारा, डोक्यावर टोपी, मांडीवर पिशवी, पिशवीत पाव आणि पेरूची वडी. मी करड्या शर्टात. शहर सोडताना पोलिसानं हात केला.

"कुठे?"

"एल कोब्रेला. धूर मारायला."

त्यानं शर्ट बघितला, धूर बघितला. दोन्ही खरे होते. मग आईकडे बघितलं. "आणि या?"

"मी डास दाखवते," आई म्हणाली.

पोलिसानं जरा विचार केला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्या चौकीत फार झालेत हो. एक फेरी मारता?" मी चौकीभोवती फेरी मारली. त्यानं शिस्तीत चौकीचं दार लावून घेतलं, नाकाला टोपी लावली आणि आम्हाला सलाम करून सोडलं.

सपाटीवर मुकी बरी पळाली. मग टेकडी आली.

पायथ्याशी फुलवाल्या बसतात. त्यांनी आमचा आवाज लांबूनच ऐकला होता आणि त्या कौतुकानं उभ्या राहिल्या. मी मूठ पिळली. मुकी किंचाळत चढाला लागली, पहिलं वळण पार केलं, दुसऱ्यावर धापा टाकू लागली.

"आई, वजन!"

आईनं पिशवी चालत निघालेल्या एका भाविकाकडे फेकली. मग टोपी काढली. मग एक बूट, मग दुसरा. सूर्यफुलं मात्र छातीशी धरली. मुकीनं आणखी थोडा रस्ता कापला, आणि मग तीच ओळखीची उचकी. गाडी मागे घरंगळली. माझा हात क्लचवर होता, तो घाबरून सुटला आणि इंजिन पुन्हा सुरू झालं. उलटं.

आई माझ्या मागे बसलेली होती, पण प्रवासाच्या दिशेनं आता तीच पुढे होती. तिनं जराही आरडाओरडा केला नाही. सूर्यफुलांचा भारा हलवत ती वाट मोकळी करत गेली. "बाजू! बाजूला व्हा! नवसाची गाडी आहे!" येणारे भाविक बाजूला होऊन क्रूसाची खूण करत होते. पायथ्याशी सपाटीवर येऊन मुकी आपोआप थांबली.

"वर असताना पाय टेकलास?" आईनं विचारलं.

"नाही."

"मग नवस मोडलेला नाही. पुन्हा करता येईल."

"पण ती चढणार नाही, आई. जे जे करता येतं ते सगळं केलं. बाबांची गाडी एवढीच आहे."

आई उतरली. अनवाणीच उभी राहिली, थोडा वेळ टेकडीकडे बघत. मग फुलवालीला म्हणाली, "बाई, तारा कापायची पक्कड असेल ना तुझ्याकडे? दे जरा."

ती मुकीपाशी बसली आणि बाबांची गाठ सोडू लागली. मला हात लावू दिला नाही. तार सरळ करून ठेवली, रबराची पट्टी उलगडून ठेवली, नळी बाजूला सारली आणि करंगळीनं सांध्यातून काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. जुनं, हलकं नाणं होतं. तेलानं काळं झालेलं. मधोमध बारीक भोक पाडलेलं.

"वायसर आहे," ती म्हणाली. "हिचा श्वास त्यातूनच जायचा."

"कोणी घातला?"

"एव्हेलिओनं. मी घालायला लावला. गाडी नवीन होती तेव्हा त्यानं मला मागे बसवून आपल्या उतारावरून नेलं. टोपी गेली, एक बूट गेला, वळणावर जीवही गेला असं वाटलं. घरी आल्यावर मी म्हटलं, ही गाडी मला विधवा करणार. दुसऱ्या दिवशी बघते तर हा अंगणात नाण्याला भोक पाडत बसलेला."

"म्हणजे मुकीत जोर होता?"

"जोर? आख्ख्या सान्तियागोत तिच्यापुढे जाणारी गाडी नव्हती. हातात कला होती तुझ्या बापाच्या."

मी विचारलं, "आणि रिगोबेर्तो रोज उशीवरून बोलायचे ते?"

"मी म्हटलं होतं, सांगून टाक एकदा लोकांना. तर म्हणे, पोचतो ना?"

मी नाणं मुठीत धरलं. मग विचारावंच लागलं. "आई, मी टेबलाची काच घालवली. पेरूच्या गाडीत पडले. तू एकदा तरी बोलायचंस."

तिनं तार बोटाला गुंडाळली आणि पुन्हा सोडली. "नवसाच्या दिवशी काढू म्हणायचा तो हे. घट्ट धरून बस म्हणायचा. मीच आज नको, उद्या नको करत राहिले. मला वाटलं, नवस बाकी आहे तोवर देवी त्याला ठेवेल. नाही ठेवला. मग म्हटलं, निदान नवस तरी राहू दे."

मी सूर्यफुलं नीट केली. ती नीटच होती.

"चल," आई म्हणाली. "बांध ती पट्टी. आणि घट्ट धरून बस म्हण मला."

"घट्ट धरून बस, आई."

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण ते घडलंच थोडक्यात. सगळ्या गल्लीनं घासलेलं हेड, बाल्बिनोंचे कर्णे आणि बाबांचं मोकळं झालेलं इंजिन या तिघांची एकमेकांशी पहिल्यांदाच गाठ पडली. मी मूठ पिळली तेव्हा पुढचं चाक जमिनीवरून उठलं. पहिलं वळण कधी गेलं कळलं नाही. दुसऱ्यावर मला वेग कमी करावा लागला. वेग कमी! मुकीवर! सनईचा तो आवाज टेकडीवर आदळून परत येत होता आणि वर चालत निघालेले भाविक वळून बघता बघता पाय घासू लागले होते. आई माझ्या कमरेला मिठी मारून हसत होती, की रडत होती, मला पाठीवरून कळलं नाही. दोन्ही ओलंच लागतं.

मंदिराच्या दारात एक बाई ओठांवर बोट ठेवून धावत आल्या. मी इंजिन बंद केलं. इतकी शांतता झाली की मुकीचं गरम हेड टिकटिकताना ऐकू येत होतं.

आत लोकांनी वाहिलेल्या वस्तू मांडलेल्या असतात. कुबड्या, पदकं, कापलेल्या वेण्या, बरं झालेल्या हातापायांच्या छोट्या चांदीच्या प्रतिमा. आईनं सूर्यफुलं ठेवली. मग माझ्यापुढे तळहात धरला. मी नाणं दिलं. तिनं ते झग्याला पुसलं आणि एका पदकाशेजारी ठेवलं. भोकातून खालचं पिवळं कापड दिसत होतं.

"काचिता," ती देवीला म्हणाली, "पोचलो."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "घरी जाऊन दुसरा वायसर करू का? हा वेग बरा नव्हे."

"कशाला?" आई म्हणाली. वाटेत टाकलेलं सामान एका भाविकानं वर आणून दिलं होतं, त्यातले बूट ती घालत होती. "विधवा तर झालेच आहे आता." मग कॅरिअरवर बसली, झगा सावरला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "जरा जोरात घे."

आम्ही गल्लीच्या वळणावर आलो तेव्हा नेर्सांनी आम्हाला खिडकीतून बघितलं आणि, त्यांनीच नंतर सांगितलं, बाबा दिसले की आई ठेवायची तसं कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं. पाणी कोमटही झालं नव्हतं. दोघी बसलेल्या, एका दमात, पूर्ण चढ. मागे पिंजरे, बादल्या, आजीबाईंची खुर्ची, पाठलाग करणाऱ्या नेर्सा, सगळा कोंगा. वरच्या टोकाला रिगोबेर्तो झुलत्या खुर्चीतून अर्धवट उठलेले.

आई कॅरिअरवर उभी राहिली. माझ्या खांद्याचा आधार घेऊन, मुकीच्या वर आवाज काढून ती ओरडली, "अरे रिगोबेर्तो! उशी आण रे, उशी! मागे राहिलेल्या तुझ्या गल्लीची वाट बघून एव्हेलिओच्या गाडीला झोप यायला लागली!"